हरवलेलं ‘म्हणे’

मोबाइलवर ‘राणी नागणिका’ असं टाकून बघा. दोन हजार वर्षांपूर्वीची सातवाहन राणी. चित्रांच्या टॅबमध्ये तिचे चेहरे मिळतील. दागिन्यांनी मढलेली, ठसठशीत डोळ्यांची, रंगीत.

आता जुन्नर तालुक्यातल्या नाणेघाटात जाऊ. घाटाच्या तोंडाशी एक लेणं आहे. तिथं सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती भिंतीवर कोरल्या होत्या आणि प्रत्येकीच्या वर ब्राह्मी लिपीत नाव होतं. त्यातल्या एका नावपट्टीवर ‘देवी नायनिका’ आणि ‘राजा श्री सातकर्णी’ अशी नावं आहेत. हीच आपली नागणिका. पण मूर्ती आज नाहीत. वर नावं उरली आहेत आणि खाली पावलांच्या खुणा. मधला सगळा देह काळानं नेला.

म्हणजे तिचा चेहरा कुणालाच माहीत नाही. चित्रकारानं तो कल्पनेनं काढला, यात काही गैर नाही. गैर झालं ते त्यानंतर. चित्र एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलं, आणि या प्रवासात ‘हे कल्पनाचित्र आहे’ एवढी ओळ गळून पडली. मग ते ‘राणी नागणिका’ झालं.

मराठीत अशा ओळीसाठी एक छोटासा शब्द आहे : म्हणे. ‘सदा मुंबईला गेला’ आणि ‘सदा मुंबईला गेला म्हणे’ यांत फरक आहे. दुसऱ्या वाक्यात बोलणारा सांगतो, की मी पाहिलेलं नाही, ऐकलंय. माझ्या भरवशावर एसटी पकडू नका. पाच वर्षांचं पोरही हा शब्द बरोबर जागी वापरतं. वेबसाइट मात्र तो वापरत नाही. जुन्या काळातल्या माणसाबद्दल इंटरनेटवर वाचताना मला सगळ्यात जास्त काय खटकत असेल, तर हे हरवलेलं ‘म्हणे’.

मी शिवऱ्याचा. पुणे-सातारा रस्त्यावर खेड शिवापूरच्या आसपासचं, भोर तालुक्यातलं गाव. पश्चिमेला राजगड-तोरण्याचा मुलूख. इथं इतिहास हा शाळेतला विषय नसतो, घरातला असतो. कुणाचा पूर्वज कुठल्या लढाईत होता, कुणाला पालखीचा पहिला मान, या गोष्टी जेवताना बोलल्या जातात. दोन वर्षांपूर्वी जत्रेची स्मरणिका निघायची होती, तेव्हा माझे थोरले चुलते मला म्हणाले, “तुला कॉम्प्युटरचं कळतंय नव्हं? मग आपल्या घराण्याचं नेटवरनं काढून दे. अफजलखानाच्या येळेला आपला माणूस प्रतापगडावर होता. पुरावा पायजे.”

पुरावा शोधायला वेळ लागला नाही. अकरा वेबसाइटवर आमच्या आडनावाचा उल्लेख सापडला. तात्यांना यादी दाखवली, तर त्यांचा चेहरा उजळला. “अकरा जागी दिलंय! आता कोण काय बोलंल?”

अडचण एवढीच होती, की अकराच्या अकरा जागी तेच वाक्य होतं आणि अकराही जागी प्रतापगडाच्या प्रसंगाचं साल १६५८ दिलं होतं. अफजलखानाचा वध झाला १० नोव्हेंबर १६५९ रोजी. हे साल कुठल्याही शालेय पुस्तकात मिळतं.

माझा धंदा सॉफ्टवेअरचा. दोन फाइलींमध्ये एकच चूक, तीही त्याच स्पेलिंगसकट दिसली, तर आमच्यात कुणी असं म्हणत नाही, की दोन प्रोग्रॅमरांनी आपापल्या बुद्धीनं ती चूक केली. एकानं केली, दुसऱ्यानं उचलली. बरोबर उत्तर दोघांचं सारखं येऊ शकतं, कारण बरोबर उत्तर एकच असतं. चुका मात्र हजार तऱ्हेच्या असतात, म्हणून नेमकी तीच चूक दोघांकडं असली तर मूळ एक आहे असं धरायचं. अकरा वेबसाइट म्हणजे अकरा साक्षीदार नव्हते. साक्षीदार एक, आणि त्याच्या दहा झेरॉक्स.

हे शहाणपण कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीचं आहे, आणि ते पुण्यातच मोठ्या प्रमाणावर वापरलं गेलंय. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेनं १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं. ते १९६६ मध्ये पुरं झालं. देशभरातून १,२०० हून अधिक हस्तलिखितं तपासली गेली. १९२५ पासून या कामाची धुरा ज्यांच्याकडं होती, त्या विष्णु सीताराम सुकथनकरांसमोरचा प्रश्न आपल्यासारखाच होता : एक श्लोक शंभर पोथ्यांत आहे आणि दहांत नाही, तर तो मूळचा मानायचा का? त्यांनी मतदान घेतलं नाही. पोथ्यांची घराणी लावली. कुठली पोथी कुठल्या पोथीवरून उतरली, कुठल्या भागात वाढली, हे पाहिलं. एकाच घराण्यातल्या शंभर पोथ्यांपेक्षा एकमेकींशी संबंध नसलेल्या दोन घराण्यांतल्या दोन पोथ्यांचं जुळणं जास्त मोलाचं.

याच न्यायानं आपल्या सगळ्यांच्या ओळखीची एक तारीख ठरली आहे. शिवाजी महाराजांचा जन्म कधीचा? शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्न टाकला असता, तर बहुतेकांनी १६२७ असं उत्तर दिलं असतं. उत्तरकालीन बखरींमध्ये शके १५४९, वैशाख अशी नोंद होती. १८२६ साली आलेल्या ग्रँट डफच्या इतिहासात मे १६२७ छापलं गेलं, आणि पुढं ते पुस्तकांतून पुस्तकांत उतरत राहिलं. तेव्हा गूगल असतं, तर पहिली दहा पानं १६२७ चीच आली असती.

मग आमच्याच भोर तालुक्यातल्या कारी गावातून एक कागद पुढं आला. कारीच्या जेधे देशमुखांच्या दफ्तरात एक शकावली होती, म्हणजे सालवार घटनांची यादी. शके १५४० ते १६१९ पर्यंतच्या नोंदी. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली. तीत शिवजन्माची तिथी होती फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०.

एका घरातला एक कागद अख्ख्या छापील परंपरेच्या विरुद्ध. नुसत्या त्याच्यावर कुणी साल बदललं नसतं, आणि बदलूही नये. पण पुढं तंजावरला कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्याची पोथी सापडली. ती १९२७ मध्ये प्रसिद्ध झाली. परमानंद महाराजांच्या समकालीन होता. त्यानं दिलेली तिथी तीच. राजस्थानात जोधपूरकडच्या एका जुन्या कुंडल्यांच्या संग्रहात महाराजांची कुंडली मिळाली. तिथीही तीच. कारी, तंजावर, जोधपूर. या तीन ठिकाणच्या माणसांनी एकमेकांची नक्कल केली असण्याची शक्यता जवळपास नाही. राज्य सरकारनं १९६६ साली इतिहासकारांची समिती नेमली, वाद आणखी बरीच वर्षं चालला, आणि २००१ पासून सरकारी शिवजयंती १९ फेब्रुवारीला पक्की झाली.

यात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. जेध्यांना १६२७ ऐवजी १६३० लिहून काय मिळणार होतं? काहीच नाही. त्या यादीच्या सुरुवातीलाच औरंगजेबाच्या जन्माची नोंद आहे, तीही तशीच कोरडी. उलट त्याच घराण्याचा ‘करीना’ म्हणून जो कागद आहे, त्यात कान्होजी जेध्यांच्या निष्ठेची हकीकत आहे. करीना म्हणजे घराण्यानं आपली हकीकत आणि आपला हक्क मांडणारा कागद. तो खोटा असतो असं नव्हे. पण तो वाचताना सांगणाऱ्याचं हित कुठं आहे, हे लक्षात ठेवावं लागतं. घर एकच, दफ्तर एकच, पण दोन कागदांवर ठेवायचा विश्वास वेगळा. म्हणून ‘ही वेबसाइट विश्वासार्ह आहे का?’ हा प्रश्न मला थोडा चुकीचाच वाटतो. विश्वास वेबसाइटवर ठेवायचा नसतो, एकेका विधानावर ठेवायचा असतो.

जुनं आहे, दगडात कोरलंय, म्हणजे खरंच असणार, असंही नाही. नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्रीचा लेख आहे. मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याच्या मृत्यूनंतर, नातवाच्या कारकिर्दीच्या १९व्या वर्षी तिनं तो कोरवला. त्यात मुलाच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायल्याचं वर्णन आहे. हे आईनं केलेलं मुलाचं कौतुक आहे. त्यातला क्षहरातांचा त्यानं उच्छेद केला हा भाग मात्र आपण निर्धास्त मान्य करतो, कारण १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला नाण्यांचा मोठा साठा सापडला. क्षहरात राजा नहपानाची १३,००० हून अधिक नाणी, आणि त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला ठसा मारलेला. आईच्या शब्दाला शत्रूच्या नाण्यांनी दुजोरा दिला. तीन समुद्रांच्या पाण्याला मात्र असा दुजोरा नाही. ते वाक्य ‘आईनं म्हटलंय’ असं सांगूनच पुढं न्यायचं.

इथपर्यंत सगळं तंत्राचं झालं. पण हा प्रश्न मला तंत्राचा वाटत नाही, नीतीचा वाटतो. कारण कुणीही विचारू शकतं : चुकीचं मानलं तर बिघडलं कुठं? दोन हजार वर्षांपूर्वीच्या राणीचा चेहरा चुकला, म्हणून कुणाचं घर जळतं?

विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञानं १८७७ मध्ये याच प्रश्नावर एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं झालंय, दुरुस्तीला पैसे लागणार आहेत. मालक मनातली शंका दाबतो, जहाज उत्तम आहे असं स्वतःला पटवतो आणि माणसं भरून रवाना करतो. जहाज बुडतं. क्लिफर्डचं म्हणणं असं, की ते बुडालं नसतं तरी मालक तितकाच दोषी होता, कारण तसं मानण्याचा हक्क त्यानं तपासून कमावलेला नव्हता. आपण काय मानतो ही फक्त आपली खासगी बाब नसते, कारण त्या मानण्यावर दुसरी माणसं चढून प्रवासाला निघतात.

इतिहासाच्या जहाजावरही माणसं बसलेली असतात. गावात कमानीवर कुणाचं नाव, पालखीत कुणाचा मान, हे इतिहासाच्या नावानंच ठरतं. जयंतीच्या फ्लेक्सवरच्या एका वाक्यावरून दोन वाड्यांतली पोरं एकमेकांवर धावून गेलेली आपण सगळ्यांनीच ऐकलेली असतात. आणि एका घराण्याचं नाव पुराव्यावाचून वर चढतं, तेव्हा ज्या घरांत दफ्तरच नव्हतं, लिहिता येणारं माणूसच नव्हतं, त्यांचं नाव आणखी खाली जातं. गड चढणाऱ्यांत, तोफा ओढणाऱ्यांत, दगड घडवणाऱ्यांत तीही माणसं होती. त्यांच्यासाठी कुणी वेबसाइट काढत नाही.

मी अकरा वेबसाइटची भानगड समजावून सांगितली, तेव्हा तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे आमचा आजा खोटं बोलला?”

या विषयातला सगळ्यात अवघड प्रश्न मला हाच वाटतो. वेबसाइट तपासणं सोपं आहे; तपासल्यावर समोरच्या माणसाच्या आजोबांचं काय करायचं, हे अवघड.

मी विचारलं, “तात्या, आजोबा नेमकं काय म्हणायचे?”

“म्हणायचे, आपल्यातला एकजण व्हता म्हणं महाराजांबरोबर.”

आजोबा खोटं बोलले नव्हते. त्यांनी ‘म्हणं’ लावलं होतं. ते त्यांच्या आजाकडून ऐकलेलं जसंच्या तसं, त्याच्या शंकेसकट पुढं देत होते. शंका काढून टाकली ती कुठल्यातरी वेबसाइटनं, आणि जाता जाता एक चुकीचं सालही चिकटवलं. स्मरणिकेत आम्ही शेवटी लिहिलं, ‘आमच्या घराण्यातला एकजण महाराजांच्या फौजेत होता, असं आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत.’ तात्यांना ते वाक्य सुरुवातीला कमी वाटलं. मला ते अकरा वेबसाइटपेक्षा जड वाटतं, कारण त्यातला एकही शब्द कुणी खोडू शकत नाही.

घरच्या गोष्टीचा हा न्याय मोठ्या गोष्टीलाही लावता येतो. भोर तालुक्यातच रायरेश्वर आहे. तिथं महाराजांनी सवंगड्यांसह स्वराज्याची शपथ घेतली, असं आपण लहानपणापासून ऐकतो. वेबसाइटवर हा प्रसंग हजर असलेल्यांच्या नावांसकट आणि संवादांसकट मिळतो. अभ्यासकांच्या जगात गोष्ट इतकी सरळ नाही. या प्रसंगाची चर्चा १६४५ च्या एका पत्राभोवती फिरते. ते दादाजी नरस प्रभू यांना लिहिलेलं आहे, त्यात उल्लेख रोहिरेश्वराचा आहे आणि पत्राच्या अस्सलपणाबद्दल मतभेद आहेत. हे ऐकून रायरेश्वर चढणं सोडायचं का? अजिबात नाही. ज्या डोंगरावर लोक पिढ्यान् पिढ्या ती शपथ आठवत आले, त्या डोंगराला त्या आठवणीचं म्हणून एक मोल आहेच. फक्त ‘परंपरा सांगते’, ‘पत्रात म्हटलंय’ आणि ‘सिद्ध झालंय’ ही तीन वेगळी क्रियापदं आहेत, आणि ती एकमेकांच्या जागी वापरायची नाहीत. श्रद्धेला याचा त्रास होत नाही. त्रास होतो तो श्रद्धेचा पुरावा म्हणून धंदा करणाऱ्याला.

म्हणून एखाद्या ऐतिहासिक व्यक्तीबद्दल वाचताना मी पानाला विचारतो ते प्रश्न साधे आहेत. हे कोण म्हणतंय, आणि त्याला कसं कळलं? लेख असेल तर कुठल्या लेण्यातला, कागद असेल तर कुठल्या दफ्तरातला, छापील असेल तर कुठल्या खंडातला? पानावर एवढं नसेल, तर तिथल्या प्रत्येक वाक्यामागं मनातल्या मनात ‘म्हणे’ लावून वाचतो. पानावरचं एक अख्खं वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधतो. तेच वाक्य वीस ठिकाणी आलं, तर ती वीस पानं मिळून एकच साक्षीदार धरतो. तपशील गरजेपेक्षा जास्त नेमका असला, तर थांबतो. नाणेघाटच्या लेखाचा काळ कुणी इसवी सनापूर्वीचं दुसरं शतक धरतं, कुणी पहिलं. जिथं तज्ज्ञांमध्ये शतकाचं अंतर आहे, तिथं कुणी राणीची जन्मतारीख देत असेल, तर ती आली कुठून?

उलटही असतं. दोन पानांवर वेगळ्या तारखा दिसल्या, म्हणून एक खोटं असतंच असं नाही. शिवजन्माची तारीख काही ठिकाणी १ मार्च १६३० दिलेली दिसेल. १९ फेब्रुवारी ही जुन्या ज्युलियन कॅलेंडरची तारीख आहे आणि १ मार्च ग्रेगरियनची. दिवस एकच, शुक्रवार. हे तुम्ही मोबाइलवर दोन मिनिटांत पडताळू शकता. आणि ज्या पानावर ‘याबद्दल मतभेद आहेत’ असं वाक्य दिसेल, ते पान मला कमकुवत वाटत नाही. विकिपीडियावर लेखाच्या वर ‘चर्चा’ आणि ‘इतिहास’ असे दुवे असतात. लेखाइतकंच तेही वाचावं. कोण कशावरून भांडलं ते तिथं दिसतं. एआयच्या उत्तरात ही भांडणं बऱ्याचदा पुसलेली असतात. सगळं एकाच ठाम, गोड आवाजात येतं. म्हणून तिथं तर ‘हे कुठल्या कागदात आहे?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढं जाऊ नये, आणि त्यानं कागदाचं नाव सांगितलं तर तो कागद उघडून बघावा.

हे सगळं परकं, पुस्तकी वाटत असेल, तर आपल्याच गावगाड्यातली एक रीत आठवावी. वतनाचा तंटा झाला की गोतसभा बसायची. दोन्ही बाजू आपापलं म्हणणं मांडायच्या, साक्षी व्हायच्या आणि निवाड्याचा महजर लिहिला जायचा. खाली हजर असलेल्यांची नावं. ज्यांना लिहिता येत नव्हतं, ते निशाणी करायचे. पाटलाचा नांगर, बलुतेदारांची आपापल्या हत्यारांची चित्रं. निवाडे नेहमीच न्याय्य असायचे असं म्हणायचं कारण नाही. गावातला बलवान तिथंही बलवानच होता. पण अंगठाबहाद्दर म्हणून ज्यांना आपण हसतो, त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. कागदाखाली नांगर काढला, की उद्या कुणी दारात येऊन विचारू शकतं, ‘तू होतास ना तिथं?’ आणि उत्तर द्यावं लागतं.

आपण फॉरवर्डचं बटण दाबतो, तेव्हा त्या मजकुराखाली आपलीही निशाणी पडते. ग्रुपवरची आजी, धाकटा भाचा, गावाकडचा मित्र त्या वेबसाइटवर विश्वास ठेवत नसतात, कारण वेबसाइट त्यांना माहीतच नसते. ते आपल्यावर विश्वास ठेवतात. प्रत्येक गोष्ट दफ्तरात जाऊन तपासणं आपल्याला जमणार नाही. नोकरी आहे, ट्रॅफिक आहे, बॅटरी वीस टक्क्यांवर आलेली असते. पण मजकूर पुढं पाठवताना वर एक शब्द टाइप करायला दोन सेकंद लागतात. ज्याची खात्री नाही, त्याच्यावर ‘म्हणे’ लिहा आणि मग पाठवा.